बेगमी आणि घबराट : हिंदूरावच्या टेकडीवरून

मागच्या रविवारी आमच्या एका जवानाच्या वडिलांना बघायला हिंदूराव रुग्णालयात गेलो होतो. साध्या कपड्यांत होतो, गाडी घेतली नव्हती. मेट्रोतून उतरून ऑटो केली आणि चढ लागल्यावर सहज विचारलं, "भैया, ये हिंदूराव थे कौन?"

"अस्पताल है, सर."

"वो तो है. पर आदमी कौन था?"

त्यानं जरा विचार केला. "कोई सेठ रहे होंगे."

मी कागल तालुक्यातला. "हमारे गांव की तरफ के थे," असं म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की ही सवारी भाडं देईल की नाही अशी त्याला शंका आली असावी.

दिल्लीच्या उत्तरेला रिज नावाची खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर रुग्णालय, आणि तिच्या दक्षिण पायथ्याकडे सदर बाजाराला लागून असलेली 'बाडा हिंदूराव' ही दाट वस्ती. दोन्ही नावं एकाच माणसाची : कागलकर घाटग्यांपैकी जयसिंगराव ऊर्फ हिंदूराव घाटगे. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांचा हा मुलगा, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं आणि हिंदूरावही पुढं दिल्लीत येऊन राहिला. टेकडीवरचा बंगला मुळात कंपनीचा बडा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा. २२ मार्च १८३५ रोजी फ्रेझरचा गोळी घालून खून झाला. त्यानंतर बंगला हिंदूरावनं घेतला. दिल्लीतल्या साहेब लोकांत आणि बादशहाच्या दरबारात ऊठबस असलेला हा दिलदार मराठा सरदार १८५७ च्या दोन-तीन वर्षं आधी वारला. मागं नाव राहिलं ते बंगल्याला, वस्तीला आणि पुढं रुग्णालयाला.

पण आज लिहायचंय ते हिंदूरावाबद्दल नाही, पिठाबद्दल.

जवानाच्या वडिलांची विचारपूस करून बाहेर पडलो. आवारातली जुनी बाव, जवळचं पीर गायब आणि फिरोजशहा तुघलकानं मेरठहून आणवलेला अशोकाचा स्तंभ बघत टेकडीवर थोडा चाललो. दोन पोरं मास्क लावून समोरून गेली आणि २४ मार्च २०२० ची रात्र आठवली. तेव्हाही मी दिल्लीतच होतो. त्या रात्री मी जे केलं, ते आजवर बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही. या ब्लॉगवर मी इतरांच्या चुकांवर बरंच लिहितो, तेव्हा एकदा आपलंही लिहून टाकावं.

तीन पोती

त्या वेळचा क्रम आठवतो का बघा. दिल्लीत पहिला रुग्ण २ मार्चला जाहीर झाला. त्याआधी फेब्रुवारीत वुहानहून आणलेल्या विद्यार्थ्यांसाठी सैन्यानं मानेसरला विलगीकरण छावणी उभारली होती, त्यामुळं आम्हाला विषय नवा नव्हता. मग मास्क आणि सॅनिटायझर गायब झाले. चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसमध्ये, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, मास्कला सोन्याचा भाव आला. १३ मार्चला सरकारनं दोन्ही वस्तू अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणल्या आणि आठवड्याभरात भाव बांधून दिले : तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलीलिटर सॅनिटायझर १०० रुपये. १९ मार्चच्या भाषणात पंतप्रधानांनी साठा करू नका असं सांगितलं. २२ ला जनता कर्फ्यू झाला. २३ च्या सकाळपासून दिल्ली बंद झाली.

२४ ला सकाळी मी जवानांना एकत्र करून समज दिली. राशन भरपूर आहे, कुटुंबांना सांगा, घाबरून खरेदी करायची नाही. माझी फॅमिली क्वार्टरमध्येच आहे, मीही काही भरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य मी मोठ्या आवाजात म्हटलं होतं.

रात्री ८ वाजता टीव्हीवर घोषणा झाली : मध्यरात्रीपासून २१ दिवस संपूर्ण देश बंद. भाषण संपायच्या आत सौ. म्हणाली, "अहो, दूध आणि पीठ बघून या ना. उद्या पाडवा आहे." पाठोपाठ मुरगूडहून आईचा फोन. "पीठ भरून ठिवलंयस न्हवं?" दोन बायकांनी एकच प्रश्न पाच मिनिटांत विचारला, की एनडीएत शिकलेलं सगळं विसरायला होतं.

दुकानासमोर शंभरएक माणसं होती. शटर अर्धं खाली. दुकानदार आतून ओरडत होता, "सबको मिलेगा, सबको मिलेगा," आणि ते ऐकून लोक आणखी पुढं सरकत होते. दोन मीटर अंतर वगैरे काही नाही. ज्या रोगाच्या भीतीनं लोक आले होते, तो रोग त्या गर्दीत असता तर सगळ्यांना घरपोच मिळाला असता. मी खांद्यानं वाट काढली. सैन्यात खांद्याचा उपयोग शिकवतात. परत आलो तेव्हा माझ्याकडे दहा-दहा किलो आट्याच्या तीन पिशव्या, पाच किलो साखर, तेलाचे चार डबे आणि मॅगीचा एक आख्खा खोका होता. आमच्या घरात आम्ही तिघं. महिन्याला पीठ लागतं बारा किलो. कडुलिंब आणि साखरेची गाठी मात्र राहून गेली.

पिशव्या दिवाणाखाली सरकवल्या. कुणी बघू नये म्हणून पुढं चादर ओढली. ती चादर ओढताना मला कळलं होतं की आपण काय करतोय.

त्या दिवशी देशात धान्य कमी होतं का? मुळीच नाही. १ एप्रिलला केंद्राच्या गोदामांत किती धान्य असावं याचा एक निकष असतो, तो सुमारे २१० लाख टनांचा. २०२० मध्ये प्रत्यक्ष साठा त्याच्या दुपटीहून जास्त होता. शिवाय गव्हाचं नवं पीक पंजाब-हरियाणात शेतात उभं होतं. दिल्लीच्या भोवती इतका गहू क्वचितच असेल, आणि दिल्लीत पिठासाठी मारामारी.

गणित साधं आहे. समजा एका दुकानावर २०० घरं अवलंबून आहेत. प्रत्येक घराला महिन्याला २० किलो पीठ लागतं, म्हणजे महिन्याचा खप ४,००० किलो. दुकानदार आठवड्याचा माल ठेवतो, सुमारे १,००० किलो. एका संध्याकाळी प्रत्येकानं महिन्याचं पीठ एकदम मागितलं तर पहिली ५० घरं दुकान रिकामं करतात. उरलेली १५० घरं हात हलवत परत जातात आणि शेजारच्या दुकानावर तुटून पडतात. चोर कुणीच नाही. प्रत्येकानं पैसे मोजलेत. तरी दीडशे चुली अडल्या.

त्या दीडशेंना उद्या दुकान उघडेल, गाडी येईल, भाव तोच राहील याची खात्री असती, तर पहिल्या पन्नासांनीही महिन्याचं मागितलं नसतं. पीठ संपण्याआधी संपतो तो हा भरवसा. हे मला त्या रात्री सुचलं नाही. नंतर इतिहास वाचताना कळत गेलं, आणि त्यातली पहिली गोष्ट याच टेकडीची निघाली.

टेकडीवर पटकी, शहरात बंद दुकानं

१८५७ च्या जूनमध्ये इंग्रजांची फौज बादली की सरायची लढाई करून रिजवर आली. हिंदूरावचा बंगला हे तिचं सगळ्यांत पुढचं ठाणं. मेजर रीडच्या हाताखाली सिरमूर बटालियनचे गुरखे, ६० वी रायफल्स आणि गाईड्स तिथं होते. ४९० गुरख्यांपैकी ३२७ ठार किंवा जखमी झाले. समोर शहरात लढणारे शिपाईही काही कमी शूर नव्हते. त्यांनी या टेकडीवर पुन्हा पुन्हा केलेले हल्ले आम्ही नकाशावर अभ्यासले आहेत.

पण टेकडीवर गोळीइतकीच माणसं पटकीनंही मारली. सेनापती अॅन्सन दिल्लीला पोचायच्या आधीच कर्नाळला २७ मे रोजी पटकीनं गेला. त्याच्या जागी आलेला बर्नार्ड ५ जुलैला पटकीनंच गेला. तिसरा, रीड (हा दुसरा रीड, जनरल), आजारपणामुळं दहा-बारा दिवसांत सूत्रं सोडून गेला. चौथा विल्सन. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवलं होतं, पण ते फारसं कुणाला पटलं नव्हतं. कॉखनं कलकत्त्यात तो जंतू ओळखायला अजून २७ वर्षं होती. टेकडीमागं नजफगढचा नाला, मेलेली जनावरं आणि माश्या. साथीला आणखी काय लागतं?

आता बाजार बघा. टेकडीवरच्या छावणीत साथ आहे, वेढा घालणारे स्वतःच वेढल्यासारखे अडकलेत, रोज माणसं मरतायत, तरी छावणीचा बाजार चालू होता. पाठीमागचा अंबाल्याचा रस्ता उघडा होता आणि पंजाबातून गाड्या येत होत्या. अंबाल्याचे दुकानदार, पारशी व्यापारी छावणीत येऊन दुकानं थाटून बसले होते. गिऱ्हाईक पटकीनं आज मरेल की उद्या, हे ठाऊक नव्हतं. पण जिवंत असेल तर पैसे देईल आणि परवा पुन्हा गाडी येईल, एवढं ठाऊक होतं.

तटाच्या आत उलट चित्र. ११ मेला मेरठचे शिपाई आले आणि दिल्लीतली दुकानं बंद झाली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ऐंशी ओलांडलेला बहादूरशहा हत्तीवर बसून चांदणी चौकातून फिरला. का? दुकानदारांनी दुकानं उघडावीत म्हणून. हिंदुस्थानच्या बादशहाचं राज्य परत आल्यावर त्याचं पहिलं मोठं काम वाण्यांची मनधरणी करणं हे होतं. दुकानं कशीबशी उघडली आणि पुन्हा मिटली. कोतवालाला हुकूम सुटत राहिले. भाव चढत राहिले.

गंमत अशी, की दिल्ली पूर्ण वेढलेली कधीच नव्हती. इंग्रज फक्त उत्तरेच्या बाजूला होते. दक्षिणेचे दरवाजे उघडे होते. यमुनेवरचा नावांचा पूल चालू होता. जुलैच्या सुरुवातीला बरेलीची आख्खी फौज त्याच पुलावरून शहरात आली. माणसं येत होती, मग धान्य का मुबलक येत नव्हतं? वाटेवर लूटमार होती आणि शहरात शिपायांना पगार नव्हता. पगार नसलेला हत्यारबंद माणूस दुकानात आला तर वाण्यानं काय समजायचं? त्यानं माल दडवला. माल दडलेला बघून ज्याच्याकडे पैसे होते त्यानं मिळेल तितकं भरलं. रोज विकत घेऊन रोज खाणारा उपाशी राहिला. दोन्हीकडे भीती सारखीच होती, पटकी टेकडीवर जास्त होती. बाजार मात्र तिथं उभा राहिला, जिथं उद्याच्या व्यवहाराची शाश्वती होती.

आमच्या इतिहासाच्या तासाला तोफा आणि तुकड्या शिकवल्या. वाण्याच्या बंद फळ्या नकाशावर दाखवत नाहीत. दाखवायला हव्यात.

रोजचा पगार रोज

दिल्लीहून थोडं मुंबईला जाऊ, कारण हाच रोग तिथं वेगळ्या रूपात दिसतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत धान्य, धान्यापाशी उंदीर, उंदरावर पिसवा. हे शेवटचं सूत्र तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या मुंबईतले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. त्यांत कोकणातले आणि देशावरचे गिरणी कामगार फार मोठ्या संख्येनं होते.

उरलेल्या कामगारांनी एक मागणी केली : पगार रोजच्या रोज द्या. गिरण्यांत पगार महिन्यानं आणि तोही उशिरा देण्याची पद्धत होती. माणसंच मिळेनात तेव्हा मालक नमले, नाक्यावर उभे राहून रोजाचे आकडे पुकारू लागले. मला हे वाचून दिवाणाखालच्या पिशव्या आठवल्या. महिनाअखेरीला मी असेन का, मालक असेल का, गिरणी असेल का, हे ठाऊक नसेल तर माणूस आजचं आज हातात मागतो. मी पीठ मागितलं, त्यानं रोज मागितला.

पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या प्लेग कमिटीनं घरझडतीसाठी गोरे सोल्जर लावले. पुढं काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. गणवेश घालणारा म्हणून मला त्यातलं एक टोचतं. सोल्जर दारात आला की लोक रोगी लपवत, भांडीकुंडी लपवत, दाणे लपवत. साथीत लोकांनी सरकारला सगळं दाखवावं लागतं, आणि तिथं सगळं लपवणंच शहाणपणाचं ठरलं होतं.

दुसरे घाटगे

त्याच काळात कागलच्याच घाटग्यांतला एक तरुण कोल्हापूरच्या गादीवर होता. यशवंतराव घाटगे, म्हणजे दत्तक गेल्यानंतरचे शाहू महाराज. १८९४ मध्ये राज्याची सूत्रं हाती आली आणि दोन वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ. वय बावीस. लगोलग प्लेग.

दुष्काळात व्यापारी धान्य दाबून ठेवतात हे नवीन नाही. महाराजांनी व्यापाऱ्यांना बोलावून दरबारातून बिनव्याजी पैसा दिला आणि स्वस्त धान्याची दुकानं उघडवली. तगाई दिली, कामं काढली, निराधारांसाठी आश्रम काढले. प्लेग कोल्हापुरात आला तेव्हा लोकांना गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायला लावलं. माझ्या आजीच्या तोंडी 'पिलेगाच्या झोपड्या' हा शब्द असे. तिच्या आईनं तशा झोपडीत दिवस काढले होते.

स्वस्त धान्याच्या दुकानाचं महत्त्व भावापुरतं नाही. दुकान समोर उघडं दिसतं, हे मोठं. मी दिल्लीत शाहू महाराजांचं नाव काढलं की लोक आरक्षणाबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. पण २४ मार्चच्या रात्री दिल्लीला बावीस वर्षांच्या त्या पोराची दुसरी अक्कलही लागत होती.

मामाची काचेची बरणी

मला साथीची पहिली आठवण १९९४ ची. मी शाळेत होतो. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरात सुरतेला फुफ्फुसाचा. सुरतेहून लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. शेवटी मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास थांबला, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? देशभर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं आणि औषधांच्या दुकानांत एकच मागणी : टेट्रासायक्लिन. दिल्ली-मुंबईत त्याच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या.

माझ्या मामाचं गडहिंग्लजला औषधाचं दुकान. सुट्टीत मी तिथं असायचो. बाकीच्या दुकानदारांनी माल आत नेला होता. मामानं टेट्रासायक्लिनच्या होत्या तेवढ्या कॅप्सूल काचेच्या मोठ्या बरणीत भरल्या आणि बरणी गल्ल्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. डॉक्टरची चिठ्ठी आणा, दहा घेऊन जा. चिठ्ठी नसेल तर बरणी बघून जा.

मी विचारलं, "मामा, आत ठेवा की. लोक ओढून नेतील."

"आत ठिवली की ओढून नेतील," मामा म्हणाला. "हितं दिसतीया तवर कोण न्हेत न्हाई."

लोक खरंच यायचे, बरणी बघायचे आणि जायचे. साथ सरली तेव्हा बरणी अर्ध्याच्या वर भरलेली होती.

आगोट

इथं कुणीतरी म्हणेल, साहेब, तुमचं सैन्य तर सगळ्यांत मोठं साठेबाज. मान्य. लडाखमध्ये होतो तेव्हा मी स्वतः आकडे तपासले आहेत. जोजिला बर्फानं बंद व्हायच्या आत, उन्हाळ्यातच, सगळ्या ठाण्यांची हिवाळ्याची रसद वर चढवायची असते. पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं, सगळं सहा-सात महिन्यांचं. याला आम्ही अॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतो. कोकणातला माणूस याला आगोट म्हणतो. पावसाळा तोंडावर आला की तांदूळ, सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा, कांदे भरून घ्यायचे. आमच्या घाटावर वर्षाचे दाणे भरतात, उन्हाळ्यात सांडगे-पापड-कुरडया करतात. बेगमी हा आपल्याकडे गुण आहे. नसलेल्याला हसतात.

मग आईनं फोनवर चुकीचं काय सांगितलं? काहीच नाही. तिच्या मनात आगोट होती. फरक वेळेचा आहे. आगोट बाजारात माल ओसंडत असतो तेव्हा भरतात, तेव्हा ती दुसऱ्याच्या तोंडचा घास काढत नाही, उलट शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. सैन्याचा साठा वहीत लिहिलेला असतो, कुणी मोजावा आणि कुणाला किती मिळणार हे ठरलेलं असतं. माझ्या तीन पिशव्या टंचाईच्या रात्री आल्या, कुठल्याच वहीत नव्हत्या आणि चादरीमागं होत्या.

आणि महिन्याचं एकदम भरायला खिशात महिन्याचे पैसे लागतात. पाच रुपयांचं तेल, दहाची डाळ पुडीत बांधून नेणारा माणूस घबराटीतसुद्धा साठा करू शकत नाही. आपल्या घबराटीची किंमत तो देतो.

प्रेसवाला

२६ मार्चला सकाळी दार वाजलं. आमच्या क्वार्टर्सचे कपडे इस्त्री करणारा बिहारचा माणूस. तोंडावर गमछा, चार पावलं लांब उभा. "साहब, दो किलो आटा उधार मिल जाता? दुकान में नहीं है. पैसा खुलते ही दे दूंगा."

सौ.नं माझ्याकडे बघितलं. मी दिवाणाकडे बघितलं. तिनं एक आख्खी पिशवी ओढून बाहेर आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, "इतना नहीं, दो किलो." ती म्हणाली, "भैया, ले जाइए." तो "भगवान आपका भला करे" म्हणाला, आणि मला मान वर करवेना. त्याच्याच वाट्याचं पीठ त्याला देऊन मी त्याचा आशीर्वाद घेत होतो.

त्याच दिवशी सरकारनं ८० कोटी लोकांना तीन महिने माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ फुकट देण्याचं जाहीर केलं. गोदामं भरलेली असल्यामुळं ते शक्य होतं. पण हेच २४ च्या रात्री, त्याच भाषणात, पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर? किराणा, दूध, औषध चालू राहणार हे त्या रात्री लगेच नंतर सांगितलं गेलं, पण तोवर आम्ही शंभर जण अर्ध्या शटरखाली डोकी घालून उभे होतो. आणि २८ ला आनंद विहारच्या बस अड्ड्यावर जे दृश्य देशानं बघितलं, ती पुडी बांधून नेणारीच माणसं होती.

आमच्या युनिटच्या आवारात एक छोटं किराणा दुकान आहे. तिथंही जवानांच्या कुटुंबांची रांग लागली होती. मी नियम लावायच्या बेतात होतो : कार्ड बघून, माणशी इतकं. आमचे सुभेदार साहेब तीस वर्षं राशन सांभाळलेले. म्हणाले, "सर, पहले शटर पूरा उठाते हैं." त्यांनी गोदामातली पोती आणवून दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसतील अशी थप्पी लावली. फळ्यावर खडूनं लिहिलं : आटा, तांदूळ, डाळ, तेल, साखर, आज किती आहे आणि पुढची गाडी कोणत्या वारी येणार. रोज सकाळी आकडा पुसून नवा लिहायचा. कमी झाला तरी खराच लिहायचा.

पहिल्या दिवशी रांग होती तेवढीच राहिली. शुक्रवारी गाडी आली, फळ्यावर लिहिलेल्या वारीच आली. शनिवारी रांगेत सात-आठ जण. काही बायका नुसता फळा वाचून परत गेल्या. मला गडहिंग्लजची बरणी दिसली.

त्याच सुमारास आपले लष्करप्रमुख जनरल नरवणे यांनी 'ऑपरेशन नमस्ते' जाहीर केलं. सैन्य स्वतःला सांभाळेल आणि देशाच्या मदतीलाही जाईल, असं ते होतं. मला त्या ऑपरेशनमधलं सगळ्यांत मोठं काम कुठलं दिसलं असेल, तर सुभेदार साहेबांचा खडू.

उरलेल्या दोन पिशव्यांचं सांगायचं राहिलं. एक आम्ही खाल्ली. दुसरी जुलैत उघडली तेव्हा आत जाळी धरलेली, अळ्या झालेल्या. चाळून बघितलं, नाही जमलं. सौ. काही बोलली नाही. दहा किलो पीठ कचऱ्याच्या डब्यात टाकायला मी रात्री अंधार पडल्यावर गेलो.

रविवारी हिंदूरावच्या टेकडीवरून उतरताना मुद्दाम बाडा हिंदूरावातून चाललो. पुढं सदर बाजार, हातगाड्या, डोक्यावर खोके घेतलेले हमाल. साबण, काडेपेटी, प्लास्टिकचे डबे, उत्तर हिंदुस्थानातल्या हजारो किराणा दुकानांचा माल इथून उचलला जातो. एका घाऊक दुकानाच्या दाराशी मालाची थप्पी होती आणि वर पाटीवर त्या दिवसाचा भाव. मी थांबून वाचला. दुकानदार म्हणाला, "लेना है क्या, सर?"

"नहीं," म्हटलं, "बस देख रहा था."

जवानाचे वडील बरे आहेत, बुधवारी घरी जातील. पुढच्या लेखात टेकडीवरच्या फ्लॅगस्टाफ टॉवरबद्दल लिहीन.

जय हिंद.